शिरेंतून अन्न : एका उपचाराचा इतिहास

अन्न आणि औषध या दोन वस्तु आपल्याकडे कधींच फार दूर ठेवल्या गेल्या नाहींत. पथ्य हें अर्धें औषध, ही समजूत घराघरांत अद्यापि आहे. आणि आजाऱ्याच्या उशाशीं भाताची पेज घेऊन बसलेली आई ही शुश्रूषेची आपल्या ओळखीची सर्वांत जुनी मूर्ति होय. परंतु ज्याच्या पोटांत पेजहि ठरत नाहीं, किंबहुना ज्याचें पोट असून नसल्यासारखें आहे, अशा तान्ह्या मुलानें काय करावें? ज्याचें आंतडें जन्मतःच खुंटलेलें आहे, किंवा जें तीन महिने आधींच जन्मास आल्यामुळें ज्याला दूध पचविण्याची शक्ति अजून आलेलीच नाहीं, त्याला कोणत्या वाटेनें भरवावें? इ. स. १९६७ पूर्वीं या प्रश्नाला खऱ्या अर्थानें उत्तर नव्हतें. आज तें आहे, आणि तें एका पारदर्शक पिशवींत मावतें. साखर, प्रथिनांचे घटक, स्निग्ध पदार्थ, क्षार आणि जीवनसत्त्वें यांचें मिश्रण बारीक नळीनें थेट रक्तांत सोडावयाचें, आणि मुलाचें आंतडें कामास लागेपर्यंत त्याला त्यावरच वाढवावयाचें, असा हा उपचार आहे.

या उपचाराचा इतिहास मनोरंजक आहेच. पण त्याच्या पोटीं एक वाद निर्माण झाला, तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ही पिशवी प्रत्येक मुलासाठीं त्याच्या प्रकृतीप्रमाणें निराळी भरावी, कीं सर्वांसाठीं ठराविक प्रमाणाची एकच करावी, हा तो वाद होय. वाद वैद्यांचा खरा, परंतु त्यांतील प्रश्न वैद्यकापुरता नाहीं.

रक्त शरीरांत फिरतें, हें विल्यम हार्वे यानें १६२८ सालीं सिद्ध करून दाखविलें. एकदां हें कळल्यावर, शिरेंत घातलेली वस्तु सर्व शरीरभर पोंचेल, हा तर्क सुचण्यास फार काळ लागला नाहीं. पुढें लंडनचें सेंट पॉल मंदिर बांधणारा ख्रिस्तोफर रेन हा त्या शतकाच्या मध्यास ऑक्सफर्ड येथें असतांना त्यानें पिसाची पोकळ दांडी आणि जनावराचा फुगा यांचें साधन करून कुत्र्याच्या शिरेंत दारू व अफू सोडून पाहिली. कुत्रा झिंगला, म्हणजे तर्क खरा ठरला. पण या प्रयोगांत जिज्ञासा होती, उपचार नव्हता. उपचाराची निकड भासली ती पुढें पावणेदोनशें वर्षांनीं, आणि तिचें मूळ आपल्या देशांत होतें.

१८१७ पासून बंगालमधून पसरत गेलेली पटकीची म्हणजे कॉलऱ्याची सांथ १८३१ च्या अखेरीस इंग्लंडच्या किनाऱ्यास लागली. विल्यम ब्रूक ओ'शॉनेसी नांवाचा अवघ्या बावीस वर्षांचा आयरिश डॉक्टर उत्तर इंग्लंडांत गेला व त्यानें रोग्यांचें रक्त तपासलें. रक्तांतील पाणी आणि क्षार निघून जातात व तें दाट होतें, असें त्यास आढळलें. तेव्हां गेलेलें पाणी व क्षार शिरेंतून परत द्यावे, असें त्यानें सुचविलें. हाच ओ'शॉनेसी पुढें ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत कलकत्त्यास आला, तेथील मेडिकल कॉलेजांत प्राध्यापक झाला, आणि हिंदुस्थानांत विजेच्या तारायंत्राचें जाळें त्याच्याच देखरेखीखालीं उभें राहिलें. आपल्याकडे तो तारेमुळें माहीत आहे. सलाईनच्या बाटलीशीं असलेलें त्याचें नातें फारसें कोणी सांगत नाहीं.

त्याची सूचना अंमलांत आणली ती स्कॉटलंडमधील लीथ या बंदरांतल्या टॉमस लाटा या डॉक्टरानें, १८३२ सालीं. त्याची पहिली रोगी एक वृद्ध स्त्री होती. नाडी लागत नव्हती, डोळे खोल गेले होते, इतर सर्व उपाय थकले होते. लाटानें तिच्या शिरेंत क्षारयुक्त पाणी थोडें थोडें सोडण्यास आरंभ केला. अर्ध्या तासांत सहा पाइंट, म्हणजे सुमारें साडेतीन लिटर पाणी आंत गेलें. तेव्हां तिच्या चेहऱ्यावर तेज आलें, नाडी सुधारली, ती बोलूं लागली. ती बरी झाली असें समजून, स्वतः थकलेला लाटा तिला रुग्णालयांतील दुसऱ्या डॉक्टराच्या स्वाधीन करून निघून गेला. तो गेल्यावर जुलाब पुन्हां सुरू झाले. पाणी पुन्हां देण्याचें कोणी मनावर घेतलें नाहीं. आणि कांहीं तासांत ती मरण पावली. पुढच्याच वर्षीं लाटाहि वारला आणि त्याची युक्ति बरींच वर्षें मागें पडली. या वृद्धेची आठवण वाचकांनीं ठेवावी. शेवटीं तिच्याकडे पुन्हां यावयाचें आहे.

पाणी आणि मीठ यांनीं प्राण राहतो, पण शरीर वाढत नाहीं. त्यांत साखर घातली तरी फारसें साधत नाहीं. एक लिटर पाण्यांत पांच टक्के ग्लुकोज घातलें तर त्यांतून जेमतेम दीडपावणेदोनशें उष्मांक मिळतात. त्यावर माणूस पोसावयाचा तर दिवसास दहाबारा लिटर पाणी त्याच्या अंगांत घालावें लागेल. साखर दाट करावी तर हातापायांची बारीक शीर ती सोशीत नाहीं, सुजते व बंद पडते. शिवाय साखर म्हणजे सरपण. घर बांधण्यास विटाहि हव्यात. त्या विटा म्हणजे प्रथिनें. आणि परकें प्रथिन सबंधच्या सबंध रक्तांत गेलें तर शरीर त्यावर उलटतें. १९३७ सालीं अमेरिकेंत रॉबर्ट एल्मन यानें दुधांतील प्रथिन आधींच फोडून, त्याचे सुटे घटक माणसाच्या शिरेंतून सुरक्षितपणें देतां येतात हें दाखविलें. आंतड्यांत जें व्हावयाचें तें त्यानें बाटलींत करून घेतलें, असें म्हणतां येईल.

१९४४ सालीं हेल्फ्रिक व एबलसन या दोघां अमेरिकन डॉक्टरांनीं एका पांच महिन्यांच्या, वाळून कांटा झालेल्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. साखर, प्रथिनांचे घटक, आणि ऑलिव्ह तेल व लेसिथिन यांचें दुधासारखें मिश्रण, एवढेंच पांच दिवस शिरेंतून देऊन त्यांनीं त्या मुलास तारलें. गालांवर पुन्हां मांस दिसूं लागलें. तथापि हें पांच दिवसांचें यश होतें. तेलाचे कण रक्तांत एकमेकांस चिकटूं नयेत इतके बारीक ठेवणें फार अवघड काम. अमेरिकेंत सरकीच्या तेलाचें एक मिश्रण निघालें, पण त्यानें ताप येई आणि यकृत बिघडे, म्हणून तें बंद करावें लागलें. स्वीडनमधील आर्व्हिड व्रेटलिंड यानें सोयाबीनचें तेल व अंड्यांतील लेसिथिन यांपासून १९६१ च्या सुमारास केलेलें 'इंट्रालिपिड' मात्र रक्तास मानवलें. मागचा अनुभव इतका कडू होता कीं, अमेरिकेंत त्यास परवानगी मिळण्यास १९७५ साल उजाडलें.

दाट साखरेचा प्रश्न निराळ्या मार्गानें सुटला. गळपट्टीच्या हाडाखालच्या मोठ्या शिरेंत सुई कशी घालावी, हें रॉबेर ओबानियाक या फ्रेंच शल्यवैद्यानें १९५२ सालीं सांगितलें होतें. हृदयानजीकच्या मोठ्या शिरेंत रक्ताचा लोट इतका जोराचा असतो कीं, रक्ताच्या पांचसहापट दाट द्रावण तेथें पडलें तरी क्षणांत पातळ होऊन जातें. फिलाडेल्फिया येथील स्टॅन्ले डड्रिक या तरुण शल्यवैद्यानें आपले गुरु जोनाथन ऱ्होड्स यांच्या हाताखालीं या गोष्टीचा उपयोग करून घेतला. बीगल जातीचीं सहा पिल्लें त्यानें केवळ शिरेंतल्या अन्नावर वाढविलीं. एक पिल्लूं तर २५६ दिवस तसें राहिलें. तोंडानें खाणाऱ्या भावंडांच्या मानानें हीं पिल्लें वजनांत वा वाढींत उणीं पडलीं नाहींत. नुसतें जगणें निराळें आणि वाढणें निराळें. मुलाच्या बाबतींत तर वाढणें हेंच जगणें. म्हणून या पिल्लांचें महत्त्व.

१९६७ च्या उन्हाळ्यांत फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयांत एक नवजात मुलगी होती. तिचें लहान आंतडें जवळजवळ संपूर्ण निकामी होतें, आणि वजन उतरत उतरत चार पौंडांवर आलें होतें. पिल्लांवरची विद्या या मुलीवर योजावी किंवा नाहीं, हा प्रश्न डॉक्टरांपुढें होता, आणि न योजल्यास काय होणार हें उघड होतें. मानेंतील शिरेंतून नळी हृदयानजीक नेऊन डड्रिक व त्याचा सहकारी डग्लस विल्मोर यांनीं तिला अन्न देण्यास आरंभ केला. मुलीचें वजन वाढलें, लांबी वाढली, डोकें वाढलें. ती बावीस महिने जगली. शेवटीं ती गेली, हें खरें. परंतु तिच्यानंतर त्याच वाटेनें असंख्य मुलें वाचलीं. त्यांत अपुऱ्या दिवसांचीं मुलें पुष्कळ. एक किलो वजनाच्या मुलाच्या अंगीं साठा असा चारपांच दिवसांपुरताच असतो. म्हणून त्याच्या बाबतींत एक दिवसाचा उशीर म्हणजे आयुष्याच्या शिधाचा चौथा हिस्सा गमावणें होय.

ही विद्या रुग्णालयांत रूढ झाली ती अर्थातच 'ज्याचें त्यास' या रीतीनें. सकाळीं मुलाचें रक्त तपासावें. सोडियम किती, पोटॅशियम किती, साखर किती, हें पाहून डॉक्टरानें त्या मुलाचा त्या दिवसाचा शिधा आंकड्यांत लिहावा. रुग्णालयाच्या औषधशाळेंत तो पुन्हां तपासून, गाळलेल्या हवेच्या झोतांत, दहापंधरा बाटल्यांतून थेंबाथेंबानें पिशवी भरावी. आणि संध्याकाळीं ती मुलास लावावी. उद्यां पुन्हां तेंच. या रीतींत एक प्रकारचें सौंदर्य आहे, तें नाकारण्यांत अर्थ नाहीं. मी पंचवीसतीस वर्षें वर्गांत शिकविलें. पन्नास निरनिराळ्या मुलांस एकच पाठ द्यावा लागतो याची ज्याला खंत नाहीं तो शिक्षक नव्हे, असें मी आजवर मानीत आलों. त्यामुळें 'सर्व मुलांस ठराविक मिश्रण' हे शब्द प्रथम वाचनांत आले, तेव्हां माझें मन त्याविरुद्ध गेलें. मूल म्हणजे कांहीं गिरणींतलें सूत नव्हे, असें मनाशीं म्हणून मी पुढें वाचूं लागलों. आणि जसजसें वाचलें तसतसें तें मत मला सोडावें लागलें.

कारण पहिलें असें कीं, जेथें रोज नवी गणना तेथें रोज नवी चूक होण्यास वाव. २००६ सालीं अमेरिकेच्या नेव्हाडा राज्यांत एका अपुऱ्या दिवसांच्या मुलीच्या पिशवींत जस्त पडलें तें ठरल्याच्या हजारपट. लिहिणारानें मायक्रोग्रॅम म्हटलें होतें, यंत्रांत मिलिग्रॅम गेलें. एका अक्षराचा फरक, मुलगी दगावली. दुसरें कारण मिश्रणाच्या स्वभावांत आहे. कॅल्शियम व फॉस्फेट हीं दोन्ही मुलाच्या हाडांस हवींत, पण प्रमाण किंवा क्रम चुकला तर तीं एकत्र येऊन त्यांचे खडे बनतात, आणि दुधासारख्या पांढऱ्या मिश्रणांत ते डोळ्यांस दिसत नाहींत. अशा खड्यांनीं फुप्फुसांतील वाहिन्या बंद होऊन दोन रुग्ण मेल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें १९९४ च्या एप्रिलांत सर्व रुग्णालयांस इशारा दिला. आणि तिसरें कारण वेळेचें. मूल रात्रीं दोन वाजतां जन्मतें, रविवारीं जन्मतें. औषधशाळेचें दार मात्र सोमवारीं सकाळीं उघडतें. तोंपर्यंत तें बिचारें साखरेच्या पाण्यावर! त्याच्यासाठीं खास बेतलेली पिशवी अप्रतिम असेल, पण ती येईपर्यंत त्याच्या अंगचा साठा सरत चालला, त्याचें काय? ब्रिटनमध्यें या विषयाची मोठी चौकशी होऊन २०१० सालीं तिचा वृत्तांत निघाला; त्याचें नांवच 'ए मिक्स्ड बॅग' असें होतें. तपासलेल्या नवजात मुलांपैकीं चतुर्थांशाहूनहि कमी मुलांस चांगल्या दर्जाचा उपचार मिळाल्याचें त्यांत आढळलें. आणि गरज ओळखण्यांत व आरंभ करण्यांत झालेली दिरंगाई हा त्यांतील एक मुख्य दोष होता.

याच सुमारास ठराविक मिश्रणाची कल्पना बळावली. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील नवजात-विभागांनीं २०१० सालीं एकत्र बसून मिश्रणांचीं थोडकीं प्रमाणें ठरविलीं. युरोपांतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थांनीं २०१८ सालीं, बहुतेक मुलांस, अगदीं कमी वजनाच्या नवजातांसहि, ठराविक मिश्रणच द्यावें असा निर्वाळा दिला. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनें २०२० सालीं नवजातांकरितां तेंच सांगितलें, आणि वर असेंहि कीं, शिरेंतून अन्न देण्याचें ठरल्यावर तें होईल तितक्या लवकर, फार तर आठ तासांच्या आंत, सुरू झालें पाहिजे. तयार पिशवी कपाटांत असल्यावांचून हें शक्य नाहीं. कारखान्यांतून येणाऱ्या कांहीं पिशव्यांस तीन कप्पे असतात: एकांत साखर, एकांत प्रथिनांचे घटक, एकांत स्निग्ध पदार्थ. तीं आधींच मिसळून ठेवलीं तर साखर व प्रथिनघटक एकमेकांवर क्रिया करून तांबूस होतात आणि तेलाचें मिश्रण फुटतें. म्हणून मधले पडदे लावावयाच्या वेळीं दाबून उघडावयाचे. शंभर मुलांसाठीं शंभर वेळां सुई टोचून मिसळण्यापेक्षां यांत जंतु शिरण्यास वाट कमी.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग वाद मिटला. तसें नाहीं. ठराविक मापाचा गुण हाच त्याचा दोषहि आहे. एका मुलाच्या पिशवींतली चूक एका मुलाला बाधते. मापांतली चूक तें माप वापरणाऱ्या सर्वांना. २०१३ सालीं हें प्रत्यक्ष घडलें. अपुऱ्या दिवसांच्या मुलांसाठीं युरोपांत निघालेली 'न्युमेटा जी १३ ई' नांवाची तीन कप्प्यांची पिशवी दिलेल्या कांहीं मुलांच्या रक्तांत मॅग्नेशियम वाजवीपेक्षां अधिक आढळलें. अशा मुलांचीं मूत्रपिंडें अजून कोंवळीं असतात, अधिक झालेलें बाहेर टाकूं शकत नाहींत. पिशव्या परत मागविण्यांत आल्या, युरोपच्या औषध-संस्थेनें चौकशी केली, आणि प्रमाण बदलल्याशिवाय ती पिशवी पुन्हां देऊं नये असें ठरलें. पण येथेंहि एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. ही चूक उघडकीस आली ती अनेक मुलांस एकच पिशवी मिळत होती म्हणूनच. प्रत्येकाचें मिश्रण निराळें असतें तर मॅग्नेशियम कोणामुळें वाढलें, हें कोणास आणि कसें कळलें असतें? माप एक असलें म्हणजे मापाचा दोष दिसतो, आणि एकदां सुधारला म्हणजे सर्वांसाठीं सुधारतो. कारखान्याचा शिक्का मात्र शुद्धतेची हमी नव्हे; २०१४ सालीं इंग्लंडांत बाहेरून पुरविलेलें असलें अन्न जंतुदूषित निघून अनेक रुग्णालयांतील नवजात मुलांस रक्तदोष झाला आणि कांहीं दगावलीं.

दुसरा धडा याहून नम्र करणारा आहे. लेउव्हेन, रॉटरडॅम व एडमंटन येथील अत्यवस्थ मुलांच्या विभागांत १४४० मुलांवर एक चाचणी झाली. तिचा निकाल २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. अर्ध्या मुलांस शिरेंतलें अन्न पहिल्या दिवसापासून दिलें, अर्ध्यांस पहिला आठवडाभर दिलें नाहीं. आधीं अन्न मिळालेल्यांत १८.५ टक्के मुलांस नवा जंतुदोष झाला, थांबलेल्यांत १०.७ टक्क्यांस, आणि थांबलेलीं मुलें लवकर सुधारलीं. अपुऱ्या दिवसांचीं मुलें या चाचणींत नव्हतीं, आणि त्यांची गोष्ट निराळी. परंतु भरवणें म्हणजे नेहमींच माया, ही आपली उपजत समजूत आहे, तिला या आंकड्यांनीं धक्का बसतो. काय द्यावें याइतकेंच, केव्हां देऊं नये, हेंहि शिकावें लागतें.

तेव्हां निष्पन्न काय झालें? सर्व मुलें सारखीं आहेत असें ठराविक पिशवीचा पुरस्कर्ता म्हणत नाहीं. बहुतेक मुलांच्या गरजा आरंभीं पुष्कळशा सारख्या असतात, एवढेंच तो म्हणतो. ज्यांचें आंतडें कायमचें आंखूड आहे, ज्यांच्या अंगांतून पाणी व क्षार भलत्याच प्रमाणांत वाहून जातात, ज्यांचें यकृत वा मूत्रपिंड बिघडलें आहे, अशांसाठीं निराळी पिशवी भरावीच लागते, आणि ती भरणारे हात व ती आंखणारी बुद्धि रुग्णालयानें जतन करून ठेविलीच पाहिजे. उलट शंभरांतील बहुसंख्य मुलांचे आंकडे रोज नव्यानें मांडीत बसलें, तर ज्या थोड्यांस खरोखर निराळें पाहिजे त्यांच्याकडे पाहण्यास वेळ उरत नाहीं. माझ्या वर्गांतील पन्नास मुलांची खंत मला अजूनहि वाटते. पण पाठ सर्वांना एकच असला म्हणून ज्यास समजला नाहीं त्याचा चेहरा न पाहण्याचा परवाना शिक्षकाला मिळत नाहीं, हें मला आतां अधिक स्पष्ट दिसतें.

लीथ बंदरांतील त्या वृद्धेला लाटानें दिलेलें पाणी चुकीचें नव्हतें. तिला गरज होती ती, पिशवी म्हणा कीं पिचकारी म्हणा, लावून झाल्यावर तिच्याजवळ बसून राहणाराची. जुलाब पुन्हां लागले हें पाहणारा, आणि पाहून पुन्हां पाणी देणारा, त्या रात्रीं कोणी असता, तर ती कदाचित् वांचली असती. जवळजवळ दोनशें वर्षांत नळी सुधारली, शीर बदलली, मिश्रण पूर्णत्वास आलें, आणि आतां त्याचें मापहि ठरलें. मुलाच्या उशाशीं पेज घेऊन बसणाऱ्या आईचें काम मात्र कोणत्याहि कारखान्यानें अद्याप कप्प्यांत भरून दिलेलें नाहीं. ठराविक पिशवीमुळें वांचलेला वेळ त्या कामीं लागला, तर ती पिशवी मुलांची मोठी हितकर्ती होय. तो दुसरीकडे गेला, तर लाटाच्या रोग्याची गोष्ट पुन्हां घडण्यास कांहीं अडचण नाहीं.